कलम चौदा, जेवणानंतर

जेवण गावसभेच्या दिवशीच ठेवावे ही कल्पना व्हर्ना पेलकीची. आर्लीन बुशीने तिला नुसती मान डोलावली होती. पण तीस वर्षे राज्याच्या प्रयोगशाळेत विहिरींचे पाणी तपासण्यात घालवलेल्या बाईने मान डोलावण्यापूर्वी विचार करायला हवा होता. नमुन्याची बाटली कोणी साबणाने धुऊन आणली, की आर्लीन ती न उघडताच केराच्या टोपलीत टाकत असे. आणणारा म्हणे, "अहो, स्वच्छच केलीय ना!" त्यावर ती म्हणे, "म्हणूनच." नमुना चांगल्या हेतूने बिघडला की वाईट हेतूने, याची रसायनशास्त्र चौकशी करत नाही.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी ईस्ट कॉर्बिनचे मतदार चिखलाचे बूट घालून नगरगृहात जमत आणि वर्षभराचा कारभार ओरडून ठरवत. होकाराचा आवाज मोठा की नकाराचा, हे अध्यक्ष विन्स्लो टेबर कानांनी ठरवी. त्याचे कान चांगले होते, कारण आपल्या खाद्य-पेंडीच्या दुकानात बसल्या बसल्या त्याच्या कानांवरून गेले नाही असे गावात काहीच नव्हते. त्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेवर सोळा कलमे होती आणि चौदावे आर्लीनचे होते. त्यासाठी जानेवारीच्या थंडीत दारोदार हिंडून तिने सह्या जमवल्या होत्या. कलम म्हणत होते, की आपल्या प्रतिनिधीने एका तिजोरीच्या विधेयकाला पाठिंबा द्यावा, असे गावाने त्याला सांगावे. विमा कंपन्यांना मधून काढून प्रत्येकाच्या औषधपाण्याचा खर्च राज्याने करांतून, एकाच तिजोरीतून भागवायचा, असे ते विधेयक होते. गुरुवारी राजधानीत आरोग्य समितीपुढे त्यावर मतदान होणार होते. समिती बरोबर मधोमध फाटलेली होती आणि त्या भेगेवर ईस्ट कॉर्बिनचा प्रतिनिधी, नाताळची झाडे पिकवणारा लायल गिलमन, दोन्हीकडे एकेक पाय ठेवून बसला होता. टेबरच्या दुकानात चार माणसांदेखत त्याने आर्लीनला सांगितले होते, "गाव म्हणेल तसं. शब्द देतो."

म्हणजे आर्लीनला एकच गोष्ट हवी होती. गावाने हो म्हणायला हवे होते.

आणि जेवण होते तिच्या भावासाठी. रॉइस बुशी अठ्ठावन्न वर्षांचा. उन्हाळ्यात लोकांचे गवत कापायचा, हिवाळ्यात गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ उपसायचा. गवताच्या हंगामात त्याचा आवाज घोगरा झाला, तेव्हा धुळीने बसला असेल असे तो म्हणाला. त्याच्याकडे विमा होता, पण विम्याची कंपनी खिशात हात घालण्याआधी स्वतःचा खिसा पार उलटा करावा लागे अशा जातीचा. म्हणून तो थांबला. हरणांच्या शिकारीचा मोसम आला तरी थांबला. शेवटी डॉक्टरने घशात नळी घातली तेव्हा तिथे जे दिसायला नको ते दिसले. शस्त्रक्रियेनंतर रॉइस वाचला. त्याचा आवाज वाचला नाही. आता लाकडावर काचकागद घासावा तेवढेच काहीतरी त्याच्या ओठांतून निघे, आणि ते ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे.

असे कोणाचे झाले, की ईस्ट कॉर्बिन जेवण घालते. घरोघरचे पदार्थ, ताटाला जमेल ते मोल, आणि दुकानाच्या गल्ल्याशेजारी आजाऱ्याचा फोटो चिकटवलेली काचेची बरणी. रॉइसचा फोटो मासेमारीच्या सहलीतून कापून घेतला होता. कडेला अर्धा मासा राहून गेला होता.

सकाळचा वेळ ग्रेडरच्या टायरने खाल्ला. रस्ते सपाट करणाऱ्या त्या यंत्राला नवे टायर घ्यावेत की वापरलेले, यावर ईस्ट कॉर्बिनने दीड तास खल केला. एका म्हाताऱ्याने रबराच्या वयासंबंधी जे सांगितले ते आर्लीनच्या मते बहुतेक चूक होते, पण ती गप्प बसली. आपली ताकद तिने चौदासाठी राखून ठेवली होती. मिल रोडखालून पाणी नेणाऱ्या खचलेल्या मोरीचे कलम मात्र एका दमात मंजूर झाले. विन्स्लोने वाचले, लोकांनी "हो" म्हटले, विरोधाला विचारले तर कोणीतरी खोकले. एवढेच.

मग जेवणाची सुट्टी झाली.

"आर्लीन, अगं रांग तरी बघ!" व्हर्ना हातातला पळा हलवत म्हणाली. ती गोल, लालबुंद आणि घामेजलेली होती, आणि मनापासून आनंदात होती. "पार दाराबाहेर गेलीय. सगळे रॉइससाठी. सांग बरं, असं गाव दुसरीकडे कुठे मिळेल?"

"जिथे सरकार नाही तिथे कुठेही."

"काय म्हणालीस?"

"बीन्स छान झालेत म्हटलं."

"मेपलचा पाक घातलाय ना भरपूर." व्हर्ना खुलली. "आणि तुझा भाऊ बघ, कसा राजासारखा बसलाय!"

रॉइस शेगडीजवळ खुर्चीत बसला होता. खरे तर तो प्रदर्शनातल्या बैलासारखा बसला होता. येणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर थाप मारी, मोठ्याने बोले, जणू आवाज गेल्यावर कानही जातात, आणि आपले ताट त्याला दाखवून पुढे सरके. रॉइस मान हलवी, पुन्हा हलवी. त्याच्या मांडीवरच्या ताटातले हॅम तसेच होते.

लायल गिलमन एप्रन बांधून वाढत होता. "रॉइसला अजून एक तुकडा नेऊ का, आर्लीन?"

"त्याला गिळता येत नाही, लायल."

"अरे देवा. हो की." तो खरोखर ओशाळला. लायलचा हाच त्रास होता. तो खरोखर ओशाळायचा. "मग पुडिंग?"

"गुरुवारचं काय?"

"आधी गाव काय म्हणतं ते तर ऐकू दे!" असे म्हणून त्याने पुढच्या ताटात दोन तुकडे वाढले.

रांगेतून ड्वाइट सोमर्स बाहेर आला. त्याचे गवत रॉइसने अकरा उन्हाळे कापले होते. हातात एकावर एक दोन ताटे, वर पाव. त्याने कोपराने आर्लीनला ढोसले. "दोन घेतली, बरं का. आणि बरणीतही टाकले. झालं माझं कर्तव्य! आता ते तुझं कलम-बिलम काढून मला छळू नकोस."

तो हसत गेला. आर्लीन जागच्या जागी उभी राहिली. जानेवारीत सही करताना याच ड्वाइटने आणखी दोघांच्या दारापर्यंत तिला स्वतःच्या गाडीतून नेले होते. आता तो हलका झाला होता. तिने खोलीभर नजर फिरवली. सगळेच हलके झाले होते. सकाळी येताना त्यांच्यावर जे थोडेसे ओझे होते, रॉइसकडे पाहिले की जाणवणारे, ते त्यांनी पळीपळीने उतरवून ठेवले होते, आणि बदल्यात मेपल घातलेले बीन्स खाल्ले होते. कलम दुपारी होते. जेवण आधी होते. बाटली साबणाने धुतली गेली होती, आणि ती धुवायला आर्लीनने स्वतः मान डोलावली होती.

जेवणानंतर गोठेवाले दूध काढायला नेहमीप्रमाणे घरी गेले. गाईंना सभेचे नियम लागू नसतात. उरलेले सुस्तावून बसले. कलम तेरा संपले आणि विन्स्लोने चौदा वाचून दाखवले. वाचून होते न होते तोच व्हर्नाचा हात वर गेला.

"विन्स्लो, म्हणजे अध्यक्ष महाराज, मी म्हणते हे कलम आपण ओलांडू या."

ओलांडणे म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. छापलेले कलम छापलेच नव्हते असे समजून पुढच्यावर जायचे. ईस्ट कॉर्बिनमध्ये कोणाचे मन मोडायचे नसले की कलम ओलांडतात. गावाने वर्षानुवर्षे किती गोष्टी अशा अदबीने ओलांडल्या होत्या, ते पाहायला कोणी मागे वळत नसे.

"माझा जावई विमा कंपनीत आहे, हे काही लपून नाही," व्हर्ना म्हणाली. "दोन लेकरं आहेत त्याला. इथे अजून तीन घरं तशीच आहेत. कर वाढतील म्हणून धास्तावलेली तर निम्मी खोली आहे. दुसरीकडे आर्लीन आहे, तिचंही खरं आहे. आज आपण सगळे एका पंगतीत जेवलो. आता यावर मत घ्यायचं म्हणजे उद्या दुकानात एकमेकांची तोंडं चुकवायची. कशाला? मला एवढंच म्हणायचंय."

"दुजोरा?" विन्स्लोने विचारले.

शेगडीजवळ एक हात वर झाला.

तो रॉइसचा होता. विन्स्लो व्यासपीठावरून खाली उतरला, गुडघ्यावर हात टेकून वाकला, कान त्याच्या तोंडाजवळ नेला, आणि सरळ होत म्हणाला, "रॉइस म्हणतो, आपल्यापायी शेजाऱ्यांत भांडण नको. त्याचा दुजोरा आहे."

खोलीभर एक मऊ हुंकार पसरला. कोणीतरी डोळे टिपले. आर्लीनला वाटले, आपली खुर्ची उचलून शेगडीत घालावी.

ती उठली. सभेत एकमेकांशी बोलायचे नसते. जे काही बोलायचे ते अध्यक्षाकडे तोंड करून. तेव्हा तिने आपला सगळा संताप बिचाऱ्या विन्स्लोच्या तोंडावर मारला.

"अध्यक्ष महाराज, सकाळी आपण मिल रोडची मोरी मंजूर केली. मिल रोडवर चार घरं आहेत. मी त्या रस्त्याने वर्षात एकदाही जात नाही. तरी मी हो म्हटलं. मोरीचा फोटो चिकटवलेली बरणी कुणी माझ्यापुढे केली नाही. मोरीसाठी कुणी बीन्स शिजवले नाहीत. मोरीला शेगडीजवळ बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याला माना हलवायला लावल्या नाहीत."

दोघे-चौघे हसले.

"अध्यक्ष महाराज, त्यांना सांगा, मी विनोद करत नाहीये. मोरी खचली की ती गावाची. माणूस खचला की तो स्वतःचा, आणि मग आपण दयाळू! रॉइस जूनमध्ये डॉक्टरकडे गेला असता तर त्याचा आवाज राहिला असता. हे मी रागाने म्हणत नाही, हे त्याच्या सर्जनने लिहून दिलंय. रागाने मी पुढचं म्हणते. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तो या खोलीतल्या लोकांचं गवत कापत होता. तुम्ही सगळ्यांनी तो घोगरा आवाज ऐकला. मीही ऐकला. आपण त्याला काय म्हटलं? मध घे म्हटलं!"

"आर्लीन," विन्स्लो हळूच म्हणाला, "कलम ओलांडायचं की नाही, त्यावर बोल."

"त्यावरच बोलतेय, विन्स्लो. मला फक्त एवढं कळू दे की या खोलीला काय वाटतं. माझ्या बाजूने नको. खरं. आणि ते आवाजावर कळणार नाही, कारण आत्ता इथे प्रत्येकाच्या तोंडात व्हर्नाचं पुडिंग आहे. मी कागदावर मत मागते."

मत चिठ्ठ्यांवर घ्यायचे तर सात मतदारांनी उभे राहावे लागते, असा नियम होता. आर्लीन उभीच होती. ग्रंथालयातली ओडेट उठली. मागच्या भिंतीपासचे सेथ आणि हॅना, हॅनाच्या कडेवर झोपलेले मूल. सुईणीचे काम करणारी कोलीन. आणि म्हातारा फार्नम, जो विन्स्लोला त्रास व्हावा म्हणून कशासाठीही उभा राहिला असता.

"सहा," विन्स्लो म्हणाला. त्याने खोलीवरून नजर फिरवली. ड्वाइट सोमर्स आपल्या बुटांचा चिखल पाहत होता. लायल गिलमन खिडकीबाहेर पाहत होता. रॉइस आर्लीनकडे पाहतच नव्हता. "सहाच आहेत, आर्लीन. मग मी आता—"

"थांब की जरा!" खुर्ची करकरली आणि व्हर्ना उठली. "उठायला वेळ लागतो माणसाला. हं, झाले सात."

"व्हर्ना, ओलांडायचा ठराव तुझाच आहे," विन्स्लो म्हणाला.

"ठाऊक आहे मला. तिला कागद हवाय तर मिळू दे कागद. मला काही लपवायचं नाही." ती आर्लीनकडे वळली, नियम विसरून. "पण मी माझंच लिहिणार हं, बाई."

"तेवढंच मागितलंय," आर्लीन म्हणाली. त्या दिवसात तिला पहिल्यांदाच कोणाबद्दल आदर वाटला, आणि तो नेमका आपल्या विरोधकाबद्दल वाटावा याचा तिला आणखी राग आला.

चिठ्ठ्या लाकडी पेटीत पडल्या. मोजल्या गेल्या. विन्स्लोने कागद डोळ्यांपासून लांब धरला. "ओलांडावे, छप्पन्न. ओलांडू नये, एकोणपन्नास. कलम ओलांडलं गेलं."

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकोणपन्नास! ज्यांनी छप्पन्नात भर घातली होती ते दचकले होते, आणि ज्यांनी एकोणपन्नासात घातली होती ते त्याहून जास्त दचकले होते, कारण प्रत्येकाला वाटले होते की आपण एकटेच. आर्लीनने वजाबाकी केली. उभे राहिलेल्या सातांपैकी व्हर्ना सोडून सहा. उरले त्रेचाळीस. या खोलीत त्रेचाळीस माणसे अशी होती, की ज्यांना तिचे पटले होते आणि ज्यांच्या गुडघ्यांना मात्र पटले नव्हते. छप्पन्न लोकांवरचा तिचा राग त्या क्षणी विरला. त्या त्रेचाळीसांना तिला एकेकाला मानगूट धरून उभे करावेसे वाटले.

शेवटचे कलम नेहमीसारखे "इतर कामकाज" होते. त्यात काहीही बोलता येते आणि कशालाही अर्थ नसतो. आर्लीन पुन्हा उठली.

"अध्यक्ष महाराज, आपले प्रतिनिधी इथे आहेत. त्यांना विचारायचंय, गुरुवारी ते काय करणार?"

लायल उठला. एप्रन अजून अंगावरच होता. "आर्लीन, मी शब्द दिला होता, गाव म्हणेल तसं करीन. गावाने कलम ओलांडलं. म्हणजे गावाने मला काही सांगितलं नाही."

"बरं. म्हणजे आता तुला गावाची सबब नाही. तुझं स्वतःचं मत सांग."

"ते इतकं सोपं नाही हो." त्याने हात पुसले. "खरं सांगतो तुम्हाला. समितीत पास झालं, तरी सभागृहात पडेल. तिथे टिकलं, तरी गव्हर्नर सही करणार नाहीत. केलीच, तर वॉशिंग्टन परवानगी देणार नाही. आणि तीही मिळाली, तर पहिल्या वर्षीचा कर बघून लोक आम्हाला घरी बसवतील आणि नवे येऊन ते रद्द करतील. मला मनातून हवंय. पण शक्यताच नाही."

"सभागृहात पडेल हे कुणी सांगितलं?"

"नेत्यांनी मोजणी केलीय. प्रत्येकाला विचारलं."

"तुला काय विचारलं?"

"पास होईल असं वाटतं का, म्हणून."

"आणि तू?"

"मी म्हटलं, वाटत नाही."

"म्हणजे तू काय करशील हे विचारलंच नाही. बाकीचे काय करतील असं तुला वाटतं, ते विचारलं. आणि बाकीच्यांनाही तेच विचारलं असणार."

लायल एप्रनची गाठ सोडू लागला.

"ही मोजणी नव्हे, लायल. सभागृहातल्या दीडशे माणसांनी एकमेकांच्या थर्मामीटरवर बर्फ धरायचा, आणि मग मान हलवून म्हणायचं, काय करणार, थंडीच फार आहे! आत्ता याच खोलीत विन्स्लोने आवाजावर मत घेतलं असतं तर तुला माझ्या बाजूने किती ऐकू आले असते? सहा. निघाले किती? तुझ्या त्या शक्यतेत अशी किती माणसं बुटांकडे बघत बसलीत ते तू पाहिलंयस का? शक्यता म्हणजे काही हवामान नाही. ती तू आहेस. मला तुझा अंदाज नकोय, तुझं मत हवंय. हो की नाही?"

"मी अजून सगळ्यांचं ऐकतोय—"

"कुणाचं? ज्याचं ऐकायचं होतं त्याचा आवाज गेला!"

विन्स्लोने हातोडी आपटली. फार जोरात नाही. "पुरे, आर्लीन. बस आता."

ती बसली. 

मग व्हर्नाने पाकीट आणले. ते जाड होते, त्यावर मुलांनी रंगीत खडूने मासा काढला होता. तिने ते दोन्ही हातांनी रॉइसला दिले आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. टाळ्या खऱ्या होत्या. त्या खऱ्या होत्या हेच आर्लीनला असह्य झाले होते. रॉइसने तिची बाही ओढली. ती त्याच्या शेजारी वाकली.

"लीनी," तो कुजबुजला, "आभार मान माझ्या वतीनं."

"मला येणार नाही."

"माझा आवाज नाही. तूच मान." तो थांबला, दम घेतला. "आणि भांडू नकोस."

ती सरळ झाली. टाळ्या थांबल्या.

"रॉइस म्हणतो, तो तुम्हा सगळ्यांचा मनापासून आभारी आहे." तिने क्षणभर थांबून तपासले, काही गाळले तर नाही ना. "तो खरंच आहे. त्याने जसं सांगितलं तसं मी सांगितलं. मी आभारी नाही."

 व्हर्नाचे तोंड उघडे राहिले, मग मिटले; तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कोणीतरी भरले ताट परत केल्याचे दुःख होते. विन्स्लोने घसा खाकरला. "सभा संपवण्याचा ठराव कोणी मांडतं का?" पाच-सहा जण एकदम ओरडले. "बाजूने?" आणि त्या दिवसातला सर्वांत मोठा "हो" नगरगृहाच्या छताला जाऊन लागला.

बाहेर रस्त्यावर घोट्यापर्यंत चिखल झाला होता. आर्लीनने रॉइसला त्याच्या ट्रकमध्ये बसवले आणि स्वतः स्टीअरिंगमागे बसली, पण किल्ली फिरवली नाही.

"दुजोरा का दिलास?" तिने विचारले. "तुझ्यासाठी उभी होते मी तिथे. जानेवारीपासून. का?"

रॉइसने पाकीट मांडीवर उलटे ठेवले होते. 

"सगळे माझ्यासमोर ताट घेऊन उभे होते, लीनी. दोन तास. एकेक जण." तो थांबला. "त्यांचं खाऊन, वर त्यांनाच कर भरा म्हणू? कसं म्हणू?"

तिने स्टीअरिंगवर मूठ मारली. भोंगा वाजला, आवारातले लोक वळून बघू लागले. त्या पाकिटाने त्याचा दवाखान्याचा खर्च दोन महिनेही भागला नसता. आणि त्याचे तोंड मात्र जन्मभरासाठी बंद केले होते. एवढ्या स्वस्तात कोणत्याही विमा कंपनीला ते जमले नसते. आणि ते कोणी ठरवून केले नव्हते. ठरवून केले असते तर निदान कोणावर तरी धावून जाता आले असते.

लायल गिलमन आपल्या गाडीकडे चालला होता. आर्लीन ट्रकमधून उतरली आणि चिखल तुडवत त्याच्या मागे गेली.

"गुरुवारी किती वाजता?"

"आर्लीन, कृपा करा—"

"किती वाजता, लायल? बैठक खुली असते. कुणीही येऊन बसू शकतं. मला कायदा ठाऊक आहे."

"दहाला," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "पण तुम्हाला बोलता नाही यायचं. आणि खरं सांगू का, समितीच्या अध्यक्षीणबाई ते मताला टाकणारच नाहीत असं ऐकतोय. पडणार असेल तर मांडत नाहीत. कुणाचं नाव खराब व्हायला नको म्हणून."

"म्हणजे तेही ओलांडणार."

"तसं म्हणा."

"आणि तू तिथे म्हणशील का, की ओलांडू नका, माझं नाव लिहून घ्या? होवर लिहा नाहीतर नाहीवर, पण लिहा?"

 लायलने गाडीचे दार उघडले, बुटांचा चिखल दाराच्या कडेला घासला, एकदा, पुन्हा एकदा. "खोली अगदी लहान आहे हो," तो अखेर म्हणाला. "टेबलाला टेबल लागून. बघ्यांना खुर्च्याच नसतात."

"मी घरून आणीन. दोन."

"दोन?" त्याने ट्रककडे पाहिले.

रॉइसने काच खाली केली होती. तो काहीतरी म्हणाला. पंधरा पावलांवरून लायलला त्याचे नुसते ओठ हलताना दिसले.

"काय म्हणतोय तो?" त्याने विचारले.

आर्लीन ट्रकपाशी परत गेली, खिडकीशी कान नेला, ऐकले, आणि तिथूनच वळून, एक शब्दही कमी-जास्त न करता सांगितले:

"म्हणतो, पुढे बसव मला. मागून माझं कुणाला ऐकू जात नाही."